ॲक्सेसमधून थकबाकीची पत्रं: आठ महिने वापरल्यानंतर

ठाण्यात वर्तकनगरला आमची ११२ घरांची सोसायटी आहे. मेंटेनन्सची बिलं आणि थकबाकीची पत्रं गेले आठ महिने मी मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या डेटाबेसच्या सॉफ्टवेअरमधल्या रिपोर्टमधून (छपाईसाठी आखलेल्या नमुन्यातून) छापतोय. आधी एक्सेलची यादी वर्डच्या मेल मर्जला (यादीतली नावं पत्रात आपोआप भरणाऱ्या सोयीला) जोडायचो. सभेच्या नोटिशीसारख्या साध्या पत्राला मेल मर्ज आजही उत्तम. पण थकबाकीच्या पत्रात प्रत्येकाचा तक्ता वेगळा. कुणाचे दोन महिने, कुणाचे एकोणीस. मेल मर्जचा हिशेब यादीतल्या एका ओळीला एक पत्र असा, तिथे हे बसत नाही.

ॲक्सेसमध्ये फ्लॅट नंबरवर ग्रुप केला की काम सोपं होतं. ग्रुप हेडरमध्ये पत्ता आणि मजकूर, डिटेलमध्ये महिन्यांच्या ओळी, फुटरमध्ये बेरीज आणि सही. हेडरला 'फोर्स न्यू पेज' लावलं की प्रत्येक पत्र नव्या पानावर. अनुक्रमांकासाठी टेक्स्ट बॉक्समध्ये नुसतं =१ (आकडा इंग्रजीच) लिहायचं आणि 'रनिंग सम' (चालती बेरीज) 'ओव्हर ग्रुप' करायचं; प्रत्येक पत्रात आकडे एकपासून सुरू होतात.

लांब तक्ता दुसऱ्या पानावर गेला की वर शीर्षकं हवीत. त्यासाठी मी हेडरचं 'रिपीट सेक्शन' चालू केलं, तर दुसऱ्या पानावर अख्खं पत्रच पुन्हा छापून आलं. उपाय असा: त्याच फ्लॅट नंबरवर आणखी एक ग्रुप करायचा, त्याच्या हेडरमध्ये फक्त शीर्षकं ठेवायची आणि रिपीट त्यालाच लावायचं. या एका गोष्टीवर माझा रविवार गेला, पण त्यानंतर पत्र खरंच पत्रासारखं दिसू लागलं.

पत्त्याचंही तसंच. ज्यांचे फ्लॅट भाड्यानं दिलेत त्यांचा पत्ता चार ओळींचा, बाकीच्यांचा दोन. 'कॅन श्रिंक' (रिकामा बॉक्स मिटवायची सोय) होय केलं तरी रिकाम्या ओळी तशाच राहत होत्या. कारण शेजारी, त्याच उंचीवर, सोसायटीचं बोधचिन्ह होतं. बाजूला दुसरं काही असेल तर रिकामी जागा मिटत नाही. चिन्ह वर सरकवलं आणि पत्ते नीट आवळले गेले.

मराठीसाठी मात्र जास्त जपावं लागतं. पहिल्याच महिन्यात तिसऱ्या मजल्यावरच्या मुळे आजींच्या बिलावर 'मळे' छापलं गेलं. डेटात उकार होता, पण टेक्स्ट बॉक्स मी इंग्रजी अक्षरांच्या मापानं आखलेला, त्यामुळे खालचा भाग कापला गेला. आजींनी निळ्या पेनानं उकार देऊन बिल ऑफिसात आणून दिलं, पैसेही दिले. मला फार वाईट वाटलं. माणसाचं नाव तरी नीट छापलं गेलंच पाहिजे. तेव्हापासून बॉक्सची उंची मोकळी ठेवतो आणि 'कॅन ग्रो' (मजकुराप्रमाणे बॉक्स वाढवायची सोय) चालू ठेवतो. छापायच्या आधी उकार, ऋकार असलेली चार नावं कागदावर काढून पाहतो. स्क्रीनवर पाहून भागत नाही.

'कॅन ग्रो'मुळे दुसरी अडचण येते. तपशिलाचा रकाना दोन ओळींचा झाला की तोच वाढतो, शेजारचे नाही. त्यामुळे चौकटी वरखाली होतात. म्हणून उभ्या रेघा काढूनच टाकल्या. डिटेलच्या तळाशी एक बारीक आडवी रेघ ठेवली, ती वाढत्या मजकुरासोबत खाली सरकते. तक्ता उलट जास्त वाचनीय झाला.

देवनागरी आकड्यांसाठी छोटं फंक्शन लिहिलं. व्हीबीएच्या (ॲक्सेसमधल्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेच्या) एडिटरमध्ये मराठी अक्षरं टाकली की प्रश्नचिन्हं दिसतात, म्हणून अक्षराचा युनिकोड क्रमांक द्यायचा: शून्याचा २४०६, नवाचा २४१५. थकबाकीवरच्या व्याजाचा दर सोसायटीच्या उपविधीत (नियमावलीत) असतो, तो आकडा पत्रात प्रत्येक जण बारकाईनं बघतो. तिथे अर्धे आकडे इंग्रजी, अर्धे मराठी असं नको.

पत्राचा मजकूर दोन्ही कडांना सारखा करायच्या भानगडीत पडत नाही. मी डावीकडेच ठेवतो. समितीच्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर ॲक्सेसचं मोफत मिळणारं रनटाइम (फक्त तयार फाइल चालवणारी आवृत्ती) टाकलंय. त्यावरून छपाई होते, रिपोर्टची मांडणी बदलता येत नाही. आमच्याकडे तेच बरं आहे.