हिंजवडीतला जॉब की मेळघाटातली संस्था? दोन्ही केलंय म्हणून सांगते

गेल्या महिन्याभरात तिघांनी विचारलं, आयटी सोडून सामाजिक संस्थेत जाऊ का. मी हिंजवडीत सात वर्षं काढली आणि आता मेळघाटातल्या धारणी तालुक्यात एका संस्थेत चौथं वर्ष चालू आहे, तर दोन्हीकडचं जसं पाहिलं तसं सांगते.

आधी वेळेचं. हिंजवडीत माझे रोज अडीच-तीन तास वाकडच्या ट्रॅफिकमध्ये जायचे, रात्री साडेनऊला अमेरिकेचा कॉल, नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागे गेली की तोच कॉल साडेदहाला. पण रविवार माझा असायचा, आणि सुट्टी टाकली की काम दुसरं कुणीतरी बघायचं. मेळघाटात ट्रॅफिक नाही, मॅनेजर नाही, पण आषाढ-श्रावणात घरातलं धान्य संपत आलेलं असतं, आई दिवसभर शेतावर असते, लहान मुलं पटापट आजारी पडतात, तेव्हा रात्री अकराला कुणी दार वाजवलं की तुम्ही उठताच, कुणी सांगावं लागत नाही, आणि म्हणूनच आपण किती थकलोय ते लवकर कळत नाही. माझ्याबरोबर आलेले दोघं जण, अगदी मनापासून काम करणारे, दीड वर्षात परत गेले. तर नुसता थकवा आलाय म्हणून नोकरी सोडायची असेल तर थांबा. टीम बदला, घर ऑफिसजवळ घ्या, वेळ तिथेही मिळतो.

कामाला काही अर्थ आहे का, हा प्रश्न वेगळा. मी सहा वर्षं परदेशातल्या इन्शुरन्स क्लेमचं सॉफ्टवेअर केलं, ज्याचा क्लेम पास झाला तो माणूस एकदाही दिसला नाही. इथे पाच किलोची मुलगी दीड महिन्यात सहाशे ग्रॅमनी वाढलेली काट्यावर बघितली, तो आनंद मला पगाराच्या मेसेजने कधीच दिला नव्हता. पण पहिलं वर्ष असं काहीच होत नाही हेही खरं. इथली कोरकू भाषा येत नाही, बायका बोलत नाहीत, आणि दिवाळीनंतर बरीच घरं कामाला बाहेर जातात ती होळीलाच परततात, म्हणजे ज्या बाळामागे तुम्ही चार महिने फिरलात तेच गावात नसतं.

पैशाचं स्पष्ट बोलू. माझे हातात पंच्याऐंशी हजार यायचे, इथे अठ्ठावीस. यात संस्थांचा कंजूषपणा नसतो, सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामाला दिलेला, पैसा प्रोजेक्टपुरता येतो, देणाऱ्यांना पगार म्हणजे वरखर्च वाटतो, आणि परदेशी देणगीतून प्रशासकीय खर्चाची मर्यादा 2020 मध्ये 50 टक्क्यांवरून 20 वर आली. म्हणून जॉइन होण्याआधी विचाराच, पगार आहे की मानधन, पीएफ कापतात का, निधी किती महिन्यांचा हातात आहे. विचारायला लाज वाटते, मलाही वाटली होती, पण चांगली संस्था सरळ उत्तर देते. आणि दोन गोष्टी लोक हमखास विसरतात: ग्रॅच्युइटीची पाच वर्षं भरायला थोडे महिने राहिले असतील तर तेवढं थांबा, आणि आईबाबांचा मेडिक्लेम कंपनीचा असेल तर राजीनाम्याआधी स्वतःचा काढा, वय झाल्यावर तो महाग पडतो.

होमलोन चालू असेल, घरात तुमच्याच पगारावर सगळं असेल, तर मी सरळ सांगेन, आत्ता नको. दोन वर्षं पैसे साठवा. वय कमी असेल आणि दिशाच कळत नसेल तर गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेची ‘निर्माण’ शिबिरं 2006 पासून तरुणांसाठी चालू आहेत, तिथे जाऊन बघा.

आणि जे ठरवत आलेत त्यांनी आधी तीन आठवडे सुट्टी काढून नुसतं राहून बघा, पण डिसेंबरात नको, तेव्हा मेळघाट सगळ्यांनाच आवडतो. जुलैत या. परतवाड्यातून निघताना घरी फोन करून सांगा की पुढे घाटात रेंज जाते, दोन दिवस फोन लागला नाही तर घाबरू नका.