बुधल्यातला खर्ज : मेम्फिसच्या जग बँडांचा दोन तबकड्यांचा संच

बेळगावात खडेबाजाराच्या एका आडगल्लीत जुन्या तबकड्यांचे एक छोटे दुकान आहे. तेथे प्रामुख्याने नाट्यसंगीत, भावगीते, जुनी कन्नड चित्रपटगीते आणि धारवाडकडच्या गायकांच्या ध्वनिमुद्रिका मिळतात, आणि माझे जाणेयेणेही त्यांच्यासाठीच असे. दीड महिन्यापूर्वी मात्र दुकानदारांनी गठ्ठ्यातून एक जाडसर जोडसंच काढून माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, "सर, ऐकून बघा. नाही आवडलं तर ठेवून जावा." अमेरिकेतील मेम्फिस शहरात कृष्णवर्णीय वादकांनी १९२७ ते १९३० या काळात गायलेली २८ गाणी या दोन लाँग प्ले तबकड्यांवर आहेत; पहिलीवर मेम्फिस जग बँड आणि दुसरीवर कॅनन्स जग स्टॉम्पर्स. दुकानातच पहिली बाजू पूर्ण ऐकली, २,२०० रुपये दिले आणि संच घरी आणला. तेव्हापासून तो जवळजवळ रोज वाजतो आहे.

जग म्हणजे येथे पाण्याचा जग नव्हे. दारू किंवा तेल साठवण्याचा, फुगीर पोटाचा आणि अरुंद तोंडाचा भाजलेल्या मातीचा बुधला, हे या बँडचे मुख्य वाद्य होय. या प्रकाराचा उगम केंटकी राज्यातील लुइव्हिल शहरातला मानला जातो, आणि ते शहर व्हिस्कीचे असल्यामुळे रिकाम्या बुधल्यांना तेथे तोटा नव्हता. पितळी ट्युबा किंवा मोठा बास विकत घेणे ज्यांना परवडत नव्हते, त्यांनी खर्ज भरून काढण्यासाठी हा बुधला हाती घेतला. त्याच्या जोडीला गिटार, बँजो, मॅन्डोलिन, माउथ ऑर्गन आणि कझू असे. कझू म्हणजे पातळ पडदा बसवलेली छोटी नळी. तिच्यात फुंकायचे नसते, गुणगुणायचे असते. काही बँडांत पालथ्या घातलेल्या कपडे धुण्याच्या टबाला एक दोर आणि एक काठी लावून बास तयार करीत, आणि काठी मागे ओढली की दोर ताणून सूर चढे. सौंदत्तीच्या यात्रेत जोगत्यांच्या काखेतले चौंडके ज्याने जवळून पाहिले आहे, त्याला ही युक्ती समजावून सांगावी लागणार नाही. तार ताणली की सूर वर, सैल सोडली की खाली. दोन खंडांतल्या गरिबांच्या हातांना एकच मार्ग सापडलेला दिसतो.

बुधल्यातून सूर कसा निघतो हे पाहण्यासाठी मी खानापूरच्या कुंभाराकडून आणलेली अरुंद तोंडाची सुरई घेऊन बसलो. प्रथम बाटलीवर फुंकतो तसे तोंडाच्या कडेवरून फुंकले, तेव्हा पोकळ शीळ निघाली आणि ती एकाच सुरावर अडून राहिली. मग सुरईचे तोंड ओठांपासून बोटभर दूर धरून, तुतारी वाजवणारा करतो तसे ओठ थरथरवले. एकदम घुमारदार, पोटातून आल्यासारखा आवाज सुरईने परत दिला. सूर ओठांनीच बदलावा लागतो. मातीचे पोट फक्त त्याला भरीव करते. पाच मिनिटांत गाल दुखू लागले. या वादकांनी तीन-तीन मिनिटांची गाणी अशी वाजवली आहेत, तीही द्रुत लयीत आणि सुरेल, हे त्यानंतर तबकडी ऐकताना पदोपदी जाणवले.

म्हणूनच संचाच्या मागील बाजूवर या संगीताचे वर्णन 'गमतीदार वाद्यांची मौज' असे केले आहे, ते मला मुळीच मान्य नाही. मेम्फिस जग बँडचा प्रमुख विल शेड हा जाणता संगीतकार होता. त्याचा बँड फेब्रुवारी १९२७ मध्ये व्हिक्टर कंपनीसाठी प्रथम ध्वनिमुद्रित झाला, तेव्हा कंपनीचे राल्फ पीअर यंत्रसामग्री घेऊन स्वतः मेम्फिसला आले होते. आपल्या आजोबांच्या घरातल्या तबकड्यांवर कर्ण्यासमोर बसलेला जो कुत्रा असे, तोच कुत्रा या तबकड्यांवरही होता. पुढे १९३४ पर्यंत या बँडने ८० च्या आसपास गाणी ध्वनिमुद्रित केली. वादक सारखे बदलत राहिले, पण शेडने वाद्यांची मांडणी विस्कटू दिली नाही. 'स्टीलिन, स्टीलिन' हे १९२८ चे गाणे ऐकावे: माउथ ऑर्गन आणि कझू मुखडा खेळत पुढे नेतात आणि बुधला खालून पावले टाकत चालतो, जसा भजनात पखवाजाचा डावा हात चालतो. ठेक्याचा सगळा भार त्याच्यावर आहे. त्यात हसण्याजोगे काही असेल तर ते आनंदाचे हसू आहे.

पहिल्या तबकडीवरचे माझे आवडते गाणे मात्र 'के. सी. मोन' हे आहे. ते १९२९ साली ध्वनिमुद्रित झाले. दूर जाणाऱ्या आगगाडीची शिटी ऐकून, तिच्यातून आपली प्रिय व्यक्ती निघून चालली आहे असे वाटणाऱ्या माणसाचा हा विलाप आहे आणि तो अनेक आवाज मिळून गातात. आवाज एकमेकांत पूर्ण मिसळत नाहीत. प्रत्येक जण थोडा अलीकडे, थोडा पलीकडे राहतो, त्यामुळे एखाद्या वारीच्या वाटेवर गात चाललेल्या माणसांची आठवण होते. टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ आमचे घर आहे. एका रात्री हे गाणे चालू असताना मिरजेकडची गाडी शिटी देत गेली, आणि घरातले सगळे जण आपोआप बोलायचे थांबले.

दुसरी तबकडी पहिलीपेक्षा सरस आहे. कॅनन्स जग स्टॉम्पर्सचा प्रमुख गस कॅनन याचा जन्म १८८३ मध्ये मिसिसिपी राज्यात झाला. त्याने पहिला बँजो तळण्याच्या तव्यावर कातडे ताणून केला, असे सांगितले जाते. गावोगाव औषधे विकणाऱ्या फिरत्या मेळ्यांत त्याने कितीतरी वर्षे वाजवले. बुधला तो गळ्यात पट्ट्याने अडकवीत असे, जेणेकरून दोन्ही हात बँजोसाठी मोकळे राहत. म्हणजे खर्ज आणि चाल दोन्ही एकच माणूस सांभाळत होता. पण या बँडचा प्राण नोआ लुइसचा माउथ ऑर्गन हा आहे. 'व्हायोला ली ब्लूज' या १९२८ च्या गाण्यात न्यायालयाचा निकाल, तुरुंग आणि कोणाला महिने, कोणाला वर्षे, कोणाला जन्मभर अशी वाटणी येते. लुइस ते गाताना आवाज चढवत नाही. कडव्यांच्या मधल्या जागांत माउथ ऑर्गनवर तो सूर वाकवून अशा ठिकाणी नेतो की जेथे पियानोची पट्टीच नाही, आणि न बोललेले सर्व तेथे कळते. आमच्या हार्मोनियमवाल्यांना ज्या श्रुतींसाठी गायकाकडे पाहत बसावे लागते, त्या या माणसाने खिशात मावणाऱ्या पेटीतून काढल्या आहेत. असा वादक १९६१ साली हिमदंश होऊन दारिद्र्यात मरण पावला.

कॅननने १९२९ मध्ये गायलेले 'वॉक राइट इन' हेही येथे आहे. द रूफटॉप सिंगर्स या गौरवर्णीय त्रयीने तेच गाणे १९६३ साली अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर नेले, तेव्हा ऐंशीच्या घरातल्या कॅननने थंडीत घर ऊबदार ठेवण्याच्या खर्चासाठी आपला बँजो गहाण टाकलेला होता. त्या यशानंतर मेम्फिसच्या स्टॅक्स कंपनीने त्याची एक स्वतंत्र तबकडी काढली, आणि १९७९ पर्यंत तो जगला. मूळ गाणे ऐकल्यावर नंतरची चकचकीत आवृत्ती ऐकवत नाही.

आता संचातील उणिवा. काही गाण्यांतून जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीची खरखर काढून टाकण्याच्या नादात खालचे सूरही पुसले गेले आहेत. पहिल्या तबकडीच्या दुसऱ्या बाजूवर तर दोन गाण्यांत बुधला जवळजवळ ऐकू येत नाही, आणि ज्या संचाच्या नावातच जग आहे त्यात हे घडणे अक्षम्य आहे. मला खरखर चालली असती. दुसरी उणीव याहून गंभीर आहे: कोणत्या गाण्यात कोण वाजवतो याची यादी कोठेच नाही. मेम्फिस जग बँडमध्ये आरंभी बुधला चार्ली पोककडे होता आणि पुढे जॅब जोन्सकडे आला, हॅटी हार्टसारखी गायिका या बँडबरोबर गायली, हे सारे माहितीतून गायब आहे. ज्या माणसांना हयातीत पुरेसे पैसे मिळाले नाहीत, त्यांची नावे तरी छापायला हवी होती. गाण्यांचा क्रमही कालानुसार नाही. कागदी वेष्टन मात्र जाड आहे, आणि तबकड्या सपाट व वजनदार आहेत. सुई कोठेही उडत नाही.

किंमत बेळगावच्या मानाने जास्त आहे, हे खरे. ज्यांना केवळ ओळख करून घ्यायची आहे त्यांनी दुकानात बसून दुसरी तबकडी ऐकावी. दुकानदार आनंदाने लावतात, घाई करीत नाहीत आणि ऐकणाऱ्याला चहाही देतात. ज्यांच्या घरी भजन, गोंधळ किंवा सोंगी भारुड अजून ऐकले जाते, त्यांनी संच घ्यावा, कारण टाळ, चौंडके आणि संबळ यांची सवय झालेल्या कानांना हे संगीत परके वाटत नाही. वरील दोषांसह मी तो पुन्हा घेतला असता. लुइव्हिलच्या डिक्सीलँड जग ब्लोअर्सची १९२६ ची गाणी कोठे मिळाली तर माझ्यासाठी बाजूला ठेवा, असे मी दुकानात सांगून आलो आहे.