ड्रॅगन बॉल झेड: जपानी ऑडिओ लावून बघाच

पात्रांना आवाज देणाऱ्या जपानी कलाकार मासाको नोझावा यांचा जन्म १९३६चा. १९८६मध्ये ‘ड्रॅगन बॉल’ ही अ‍ॅनिमे मालिका सुरू झाली तेव्हा तिचा नायक, पोरसवदा गोकू, त्यांना मिळाला आणि २०२४च्या ‘दाइमा’ या ड्रॅगन बॉल मालिकेतही गोकू त्यांच्याकडेच आहे. त्याआधी १९६८मध्ये कितारो, १९७८मध्ये ‘गॅलेक्सी एक्स्प्रेस ९९९’चा तेत्सुरो, हीही अ‍ॅनिमेतली पात्रं त्यांच्याच आवाजातली.

पण खरी कमाल ‘ड्रॅगन बॉल’च्या पुढच्या मालिकेत, ‘झेड’मध्ये, ऐकायला मिळते. गोकू, गोहान, गोतेन; बाप आणि दोन्ही लेक, तिघांचा आवाज या एकट्या बाईंचा! सेल या खलनायकाशी होणाऱ्या लढतीचे भाग लावा. ‘मी’ म्हणताना गोकू ‘ओरा’ म्हणतो, अगदी गावरान, गळा मोकळा सोडून. छोटा गोहान त्याच ‘मी’साठी ‘बोकु’ म्हणतो, जपून, वाक्याचा शेवट आत ओढत. बापलेक समोरासमोर बोलतात तेव्हा डोळे मिटले तरी कोण बोलतंय ते चटकन कळतं. हे नुसतं आवाज बारीक-जाड करून साधत नाही, श्वास कुठे घ्यायचा तेही बदलावं लागतं.

सबटायटल्स निवडताना जरा सांभाळा. इंग्रजीचे दोन पर्याय दिसले तर ‘सीसी’वाला (क्लोज्ड कॅप्शन) टाळा, तो बहुधा इंग्रजी डबवरून केलेला असतो, त्यामुळे कानावर एक पडतं आणि खाली भलतंच लिहून येतं. मूळ ध्वनी मोनो, म्हणजे एकाच चॅनेलचा आहे. टीव्हीचा सराउंड मोड बंद ठेवा, नाहीतर संवाद पोकळ वाटतात. आरोळ्या कानाला टोचत असतील तर ट्रेबल थोडा उतरवा. आवाज कमी करू नका, कुजबुज हरवते.