उद्यमनगरातलं नटबोल्टचं दुकान, जुना बोल्ट घेऊन जा

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात नटबोल्टवाले भरपूर आहेत, पण मी सगळ्यांना या छोट्या दुकानातच पाठवतो, कारण इथले काका जुना बोल्ट हातात घेऊन हा चालतोय, हा फेकून द्या असं कारणासकट सांगतात आणि चालणारा असेल तर उगाच नवीन गळ्यात मारत नाहीत.

भावाच्या कारच्या इंजिनचं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उतरवलं होतं. गॅरेजवाला म्हणाला बोल्ट चकाचक आहेत, तेच बसवू. काकांचा पहिला प्रश्न, "मॅन्युअलमध्ये टॉर्क, म्हणजे ठराविक जोर, देऊन वर आणखी ठराविक डिग्री फिरवायला सांगितलंय का? आणि नवीनच टाका असं लिहिलंय का?" दोन्ही होतं. मग म्हणाले हे एकदाच वापरायचे, कंपनीच्या काउंटरवर जावा, माझ्याकडचे यात घालू नका. चालून आलेलं गिऱ्हाईक सोडलं बघा! बोल्ट आवळला की तो किंचित ताणतो आणि त्या ताणावरच जोड घट्ट राहतो, साधा बोल्ट सोडल्यावर मूळ लांबीवर परत येतो पण हे हेडचे बोल्ट मुद्दाम परत येण्याच्या मर्यादेपलीकडे ताणलेले असतात, ते कायमचे लांबतात, आणि नुसत्या नजरेला काहीच कळत नाही. काही इंजिनांना लांबी मोजून परत वापरायची मुभा असते, पण ती मॅन्युअलात आकडा दिला असेल तरच.

त्याच पिशवीत अल्टरनेटरच्या ब्रॅकेटचे गंजट दिसणारे ८.८ चे बोल्ट होते, मला वाटलं हे तर नक्की जाणार. काकांनी वायर ब्रशने आटे साफ केले, नवीन नट घेतला आणि बोटांनी शेवटपर्यंत फिरवला. मध्ये कुठे अडकला, किंवा बोल्टची मान बारीक झालेली दिसली तर भंगारात. आमचे सगळे पास झाले, गंज नुसता वरवरचा होता. एकाच्या आट्यांवर मात्र ठोकल्याचा मार होता, तो बदलला. ८.८ म्हणजे काय तेही तिथेच कळलं, साधारण ८०० मेगापास्कल (ताण मोजायचं एकक) ताणाला तुटतो आणि त्याच्या ८० टक्क्यांवर, म्हणजे ६४० च्या आसपास, कायमचा ताणायला लागतो. डोक्यावर आकडा नसलेला बोल्ट ते महत्त्वाच्या जागी देतच नाहीत, हे मला फार पटतं.

नायलॉक नट (आत नायलॉनची रिंग असलेला) बोटांनी सहज आत जायला लागला की संपला, स्प्लिट पिन (नट सुटू नये म्हणून घालून टोकं वाकवायची पिन) दरवेळी नवीन, ऑइल काढायच्या ड्रेन प्लगचं तांब्याचं वॉशरपण नवीन. एवढ्याशा किमतीच्या वस्तूसाठी कोण रिस्क घेणार.

कमी काय? संध्याकाळी गर्दी असते, गाडी लावायला जागा नाही, घाई असेल तर काकांशी बोलणं होत नाही आणि पोरगा नुसता साइज विचारून देतो. एम१० मध्ये, म्हणजे १० मिमी जाडीच्या बोल्टमध्ये, १.२५ आणि १.५ मिमी असे दोन्ही पिच (दोन आट्यांमधलं अंतर) येतात, त्यामुळे नुसतं "दहाचा द्या" म्हणू नका, सोबत जुना नटपण न्या. साडेचार स्टार.