कॉफी, जॅम, मधाच्या रिकाम्या बरण्या डाळी-रव्यासाठी: दोन वर्षं वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

आमच्याकडे चिपळुणात दोन वर्षं झाली, डाळी, रवा, साबुदाणा, कुळथाचं पीठ, मेतकूट, सोडे (सुकवलेली कोळंबी) सगळं कोरडं सामान संपलेल्या कॉफीच्या नाहीतर जॅमच्या काचेच्या बरण्यांतच आहे. त्याआधी ऑनलाइन एक सहा बरण्यांचा सेट घेतला होता, बांबूची झाकणं, फोटोत काय सुंदर दिसत होता, आणि पहिल्याच जुलैत झाकणं फुगली, दोन तर बसेनाशीच झाली. चांगले पैसे गेले त्यात. तेव्हापासून घरातली एकही चांगली बरणी भंगारात दिली नाही आणि मी मनापासून सांगते, विकतच्या सेटपेक्षा या बरण्या सरस आहेत, फक्त बरणी बघून नाही तर झाकण बघून निवडायच्या.

आधी मापाचं सांगते कारण तिथे गोंधळ होतो. बरणीवर लिहिलेलं वजन आतल्या मालाचं असतं, बरणीचं माप नसतं ते. जॅम आणि मध जड, त्यामुळे 500 ग्रॅम जॅमच्या बरणीत अर्धा किलो साखर मावतच नाही, तीनशे-सव्वातीनशे ग्रॅमला भरते, आणि 1 किलो मधाच्या बरणीत रवा जेमतेम अर्धा किलो. कॉफीचं बरोबर उलट! कॉफी हलकी असते ना, म्हणून 200 ग्रॅम कॉफीच्या मोठ्या बरणीत अर्धा किलो तूरडाळ जाऊन वर जागा उरते. मला तीच सगळ्यात आवडते, तोंड मोठं, हात आत जातो, धुवायला सोपी. मधाच्या निमुळत्या तोंडाच्या बरण्या पिठाला नकोतच, चमचा तिरका जात नाही आणि तळातलं पीठ तसंच राहतं.

आता झाकण. जॅमच्या पत्र्याच्या झाकणाला आतून रबरासारखी मऊ कड असते, ती घट्ट बसते म्हणून हवा शिरत नाही, पण तीच कड वास धरून ठेवते. लोणच्याची बरणी चार वेळा साबणाने धुतली, काच लख्ख झाली, झाकण मात्र हुंगलं की लोणचंच. खायचा सोडा लावून रात्रभर ठेवणं, दोन दिवस कडक ऊन दाखवणं, एवढं केल्यावर वास कमी होतो, जात नाही. अशा झाकणाखाली रवा ठेवू नका, गोडाच्या शिऱ्याला वास येईल. हिंग-मोहरी-लाल मिरची असलं काही ठेवा. दुसरं म्हणजे आमसुलं पत्र्याच्या झाकणाच्या बरणीत कधीच नाही, मीठ आणि आंबटपणा मिळून झाकण आतून गंजतं, माझी एक बरणीभर आमसुलं अशीच टाकावी लागली, फार वाईट वाटलं कारण ती आईने उन्हात बसून केलेली होती. आमसुलांना कॉफीचं प्लास्टिक झाकणच बरं.

लेबल काढायला कोमट पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवायचं, कागद निघतो, चिकट गोंद राहतो त्याला खोबरेल आणि खायचा सोडा समसमान कालवून चोळायचं, पंधरा मिनिटांनी काथ्याने घासलं की साफ. उकळतं पाणी एकदम ओतू नका, साधी काच असते, तडकते. भाजलेले दाणे, चिवडा पण गार झाल्याशिवाय भरायचा नाही, नाहीतर वाफ आत धरते आणि सगळं सादळतं.

आणि वाळवणं! पत्र्याच्या झाकणाची कड आत वळलेली असते, तिथे पाणी अडकून राहतं आणि पुसून कळत नाही. पावसाळ्यात मी झाकणं रात्रभर पंख्याखाली उभी करून ठेवते, बरणी उपडी, आणि दुसऱ्या दिवशीच भरते.

किडीचं खूप जणी विचारतात. बरणीमुळे कीड होत नाही असं नाही हं, अंडी बहुतेक वेळा दुकानातूनच मालात येतात, त्यामुळे मी रवा आणला की पिशवीसकट चार दिवस फ्रीजरमध्ये टाकते, मग बाहेर काढून त्याचा गारठा पूर्ण जाईपर्यंत पिशवी उघडत नाही, उघडली तर ओल धरते, आणि मगच बरणीत. फायदा हा की एखाद्या बरणीत जाळी झालीच तर बाहेरून लगेच दिसते आणि शेजारच्या डाळीत कीड जात नाही. स्टीलच्या डब्यात कळायचंच नाही, महिन्याने उघडलं की भुगा.

हळद-तिखट मात्र काचेत उघड्या शेल्फवर नको, उजेडाने रंग उतरतो, कपाटाच्या आत ठेवा. माझ्याकडून 5 पैकी साडेचार, अर्धा झाकणांच्या वासाचा कापला. सोड्यांच्या बरणीच्या झाकणावर मी लाल दोरा बांधून ठेवलाय, घरात कोणीही धुवायला घेतलं तरी ते झाकण दुसऱ्या बरणीला लागत नाही.