आठ महिने एकच जीन्स: रोजच्या ठाणे-ऐरोली प्रवासानंतरचा अनुभव

मागच्या नोव्हेंबरात घेतलेली जीन्स आता जुलैत आठ महिन्यांची झाली. आठवड्यातले तीन-चार दिवस तीच अंगावर असते, त्यामुळे तिच्याबद्दल खात्रीने लिहिता येईल. गडद निळा रंग, कुठेही फाडलेली-घासलेली नाही, टेपर्ड फिट, लेबलवर ९८ टक्के कॉटन आणि २ टक्के इलास्टेन, म्हणजे ताणला जाणारा धागा. किंमत २,१९९ रुपये. ब्रँडचं नाव लिहीत नाही, कारण त्याने तुमचं काम होणार नाही. त्याच दुकानात, त्याच ब्रँडच्या, त्याच मापाच्या दोन जीन्स मी एकमेकींवर ठेवून पाहिल्या, तर कंबरेत अर्ध्या इंचाचा फरक निघाला. कापडाचे थर रचून एकदम कापतात, आणि शिवल्यानंतरच्या धुलाईत प्रत्येक नग थोडा वेगळा आटतो. माझ्या ३४ नंबरची कंबर टेपवर साडेपस्तीस भरली.

माझी मूळ अडचण मांड्यांची. बरीच वर्षं कबड्डी खेळलो, त्यामुळे मांड्या भरलेल्या आणि त्या मानाने कंबर बारीक. कंबरेला बसेल ती जीन्स घ्यायची असंच मी करत आलो, आणि एकूणएक जीन्स आसनातच, म्हणजे दोन्ही पाय जोडतात तिथे, फाटली. तिसरी रफूला नेली तेव्हा नौपाड्यातले आमचे शिंपीकाका म्हणाले, "कंबर मी आत घेऊन देईन, पाय आखूड करून देईन. पण आसनात आणि मांडीत कापडच नसेल तर ते मी आणू कुठून?" तेव्हापासून मी मांडीपासून सुरुवात करतो आणि कंबर शेवटी बघतो.

राम मारुती रोडवरची चार दुकानं आणि एक मॉल पालथा घातला. स्लिम फिटमध्ये उभा होतो तोवर सगळं छान, स्टुलावर बसलो की गुडघ्यावर कापड ताणायचं आणि मागून कंबरपट्टी दोन बोटं खाली सरकायची. स्ट्रेट फिट मांडीला मोकळी, पण खाली घोट्याशी घोळ. शेवटी मधली टेपर्ड मिळाली: मांडीत सैल, गुडघ्याखाली निमुळती, कंबरपट्टी बेंबीच्या जरा खाली. ट्रायल रूममध्ये मी तीन गोष्टी केल्या. उकिडवा बसलो, बुटाची लेस बांधायला वाकलो आणि एक पाय स्टुलावर ठेवला. मांडीवर चिमटीत साधारण इंचभर कापड आलं, तेव्हाच पैसे दिले. हे सगळं करताना संकोच वाटू देऊ नका. ठाणे स्टेशनचा पूल चढून नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्म गाठताना रोज हेच करावं लागतं.

कंबर काकांनी मागच्या मधल्या शिवणीतून एक इंच आत घेतली. दीड इंचाच्या पुढे घेतली तर मागचे खिसे एकमेकांना भिडल्यासारखे दिसतात, असं त्यांनी आधीच सांगितलं होतं. लांबी ३२ ची ३० केली. मूळची दुमड कापून पुन्हा खाली जोडून दिली, म्हणून खालची घासलेली कड तशीच राहिली आणि जीन्स आखूड केल्याचं कळतसुद्धा नाही.

कापडाचा जाडपणा हा आपल्या हवेत फार मोठा मुद्दा आहे. डेनिमचं वजन औंसात सांगतात, म्हणजे एक चौरस यार्ड कापड किती औंस भरतं ते. माझी आधीची १४ औंसची होती, दिसायला देखणी, पण पावसाळ्यात दोन दिवस वाळायची नाही आणि कुबट वास धरायची. आताची पातळ आहे. रात्री उलटी करून पंख्याखाली टाकली की दुसऱ्या संध्याकाळपर्यंत वाळते. (जाड्याभरड्या सुती कापडाचा 'डंगरी' हा शब्द आपल्या मुंबईच्या डोंगरीवरून इंग्रजीत गेला, याचं मला फार अप्रूप वाटतं.)

पहिले दोन महिने रंग गेला. नीळ धाग्याच्या गाभ्यापर्यंत पोचत नाही, वरवर बसते, म्हणून घासली की निघते. सोफ्याच्या फिकट कव्हरवर निळी झाक आली, बायको नाराज झाली, आणि तिचं बरोबरच होतं. आता आठ-दहा वेळा घातल्यावर एकदा, उलटी करून, गार पाण्यात धुतो. गरम पाणी कटाक्षाने टाळतो, उष्णतेने इलास्टेनचा ताण जातो.

तरी तक्रार आहेच. सहाव्या महिन्यात आसनाजवळ आतल्या बाजूला कापड विरळ झालं. डेनिममध्ये उभा धागा निळा आणि आडवा पांढरा असतो. घासून निळा धागा झिजला की आडवी पांढरी सुतं उघडी पडतात. ट्यूबलाइटखाली धरली तेव्हा दोन रुपयांच्या नाण्याएवढी जागा अशी दिसली. भोक पडायच्या आधीच नेली, म्हणून काकांनी आतून पातळ कापड लावून वरून बारीक रफू केलं. ८० रुपये घेतले. दोन महिने झाले, टिकून आहे. कंबरही वापराने अर्धा इंच सैल झाली आहे, पट्टा लागतोच.

बाकी या एका जीन्सने माझं खूप काम केलं. ऑफिसात फिकट शर्टावर, पाडव्याच्या स्वागतयात्रेत कुर्त्याखाली, घाणेकर नाट्यगृहात नाटकाला जाताना, कुठेच ती विजोड वाटली नाही. गडद आणि साधी असल्याचा हा फायदा.

पुढच्या महिन्यात दुसरी घेणार आहे, यावेळी काळी. जुनी जीन्स पलंगावर सपाट पसरून मापं मोबाइलमध्ये लिहून ठेवली आहेत: मांडीचा घेर २५ इंच, पुढचं आसन (पायांच्या जोडापासून कंबरपट्टीपर्यंत) ११, खालचा घेर साडेचौदा, आतली लांबी ३०. कंबर लिहिलेली नाही, ती काका बघतील.