पेन्शनीवर गावी आल्यावर खर्चाचा आराखडा: महिन्याचा मांडावा की सालाचा?

डिस्चार्ज जवळ आला की जवान घरखर्चाचा हिशोब मांडायला बसतो आणि तो आपसूक महिन्याचाच मांडतो. पगार महिन्याला यायचा, पेन्शनही महिन्याला येणार. आमच्या भागातले बरेच माजी सैनिक असंच चालवतात आणि त्यांचं बरं चाललंय. दुसरी पद्धत कास्तकाराची. पाडव्यापासून पाडव्यापर्यंतचं साल धरायचं, कोणत्या हंगामात किती लागणार ते आधी लिहायचं, मग त्याचे बारा भाग करायचे. मी दोन्ही वापरल्या आहेत. यवतमाळकडचं कोरडवाहू वावर, घरी आई आणि शिकती मुलं, अशा घराचा हा अनुभव आहे. तुमचं घर वेगळं असेल तर तेवढी वजाबाकी करून वाचा.

कम्युटेशन (पेन्शनचा काही भाग सोडून त्याबदली एकरकमी पैसा घेणं), ग्रॅच्युइटी, स्पर्श (सैनिकी पेन्शनची ऑनलाइन व्यवस्था) यांची माहिती युनिटमध्येच मिळते, ती इथे परत सांगत नाही. दोन्ही पद्धतींत सुरुवातीचा आकडा मात्र नीट घ्या. पेन्शन म्हणजे मूळ पगार आणि एमएसपी (मिलिटरी सर्व्हिस पे, पिकाचा हमीभाव नव्हे) यांच्या बेरजेचा निम्मा भाग. त्यातली पूर्ण ५० टक्के रक्कम कम्यूट केली तर उरलेल्या निम्म्यावर १५ वर्षं काढायची असतात. महागाई भत्ता पूर्ण पेन्शनवर मिळतो, तेवढा आधार राहतो. म्हणून पीपीओवरचा (पेन्शन मंजुरीच्या आदेशावरचा) मोठा आकडा न धरता खात्यात प्रत्यक्ष जमा होणारी रक्कम धरा. रेशन, क्वार्टर, प्रवासाचं वॉरंट यांचा खर्च नोकरीत कधी खिशातून गेलाच नव्हता, आता तो जाणार आहे.

महिन्याचा आराखडा सोपा, यात वाद नाही. किराणा, दूध, गॅस, वीजबिल, रिचार्ज, शिकवणी, सगळं एका पानावर बसतं आणि घरच्यांना पहिल्याच दिवशी समजतं. जो अमरावतीला किंवा नागपूरला स्थायिक झाला, बँकेत गार्ड म्हणून किंवा डीएससीत (डिफेन्स सिक्युरिटी कोअर) लागला आणि ज्याचं वावर मक्त्याने दिलेलं आहे, त्याला एवढं पुरेसं आहे. त्याने सालाच्या भानगडीत पडूच नये, असं मला वाटतं.

माझं मन महिन्याच्या आराखड्यावरून उडालं ते एका रकान्यामुळे. महिन्याच्या वहीत शेवटी ‘शिल्लक’ लिहावी लागते. फेब्रुवारीत शिल्लक दिसते, एप्रिलमध्ये दिसते. ती घरात सगळ्यांना दिसते आणि हळूहळू नात्यातही कळते. उन्हाळ्यात लग्नसराई येते, अक्षय्य तृतीयेच्या आसपास कोणी ना कोणी हातउसने मागायला येतोच. “तुमचं काय भाऊ, तुम्हाला पेन्शन आहे.” वहीतच शिल्लक लिहिलेली असताना नाही कसं म्हणायचं? मग मृग लागतो. बियाण्याच्या थैल्या, डीएपी, पेरणीचं भाडं, आणि त्याच पंधरवड्यात मुलांची फी, वह्या, गणवेश. एप्रिलमधली ती शिल्लक खरं म्हणजे याच पंधरवड्याची होती, पण महिन्याच्या वहीला जून आधी दिसत नाही. कृषी केंद्रात उधारीवर माल मिळतो, पण उधारीचा भाव रोखीचा नसतो. दर महिन्याला पेन्शन येणाऱ्या माणसाने चढ्या भावाने खत घ्यावं, हे मला फार लागलं.

सालाच्या आराखड्यात जून सगळ्यात आधी लिहायचा. समजा जून-जुलैला ७० हजार, निंदण-फवारणीला ३० हजार, पोळा ते दिवाळी २४ हजार, आहेर आणि येणं-जाणं २० हजार. बेरीज १ लाख ४४ हजार, म्हणजे महिन्याला १२ हजार. पेन्शन जमा झाली की त्याच दिवशी ही रक्कम दुसऱ्या खात्यात टाकायची. माझं हे खातं पोस्टात आहे, बायकोच्या आणि माझ्या नावाने, आणि मोबाईलला जोडलेलं नाही. आता घरखर्चाच्या खात्यात उरतं ते खरोखर उरलेलं असतं. कोणी मागितलं तर “आहे तेवढे देतो” म्हणताना मनात खोट राहत नाही.

या पद्धतीलाही त्रास आहे. पहिल्या साली आकडे अंदाजाचेच असतात. दुबार पेरणीची वेळ आली तर सगळं हलतं, म्हणून तिच्यासाठी वेगळी रक्कम धरावी लागते. कापसाची वेचाई किलोवर आणि रोख द्यावी लागते, कापूस विकला जायच्या आधी. पिकाचा पैसा तर मी आराखड्यात धरतच नाही. सोयाबीन, कापूस विकून जे येईल त्यातून मार्चअखेर पीककर्ज भरायचं, उरलं तर पुढच्या जूनच्या खात्यात.

एकरकमी पैशाबद्दल थोडक्यात. त्यातला काही भाग पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत ठेवता येतो. एकट्याच्या नावाने ९ लाख, संयुक्त खात्यात १५ लाखांपर्यंत. ७.४ टक्के दराने ९ लाखांवर महिन्याला ५,५५० रुपये होतात. खातं उघडताना चालू दर विचारून घ्या. हे व्याज मी घरखर्चात आणत नाही, सरळ सालाच्या खात्यात वळवतो, त्यामुळे पेन्शनमधून टाकायचा हप्ता निम्म्याच्या जवळ येतो.

वावर स्वतः करणार असाल तर माझं मत सालाकडे झुकतं. फक्त पहिल्या वर्षी बाराने भागू नका. डिस्चार्ज ऑक्टोबरअखेर असेल तर जूनपर्यंत सातच महिने हातात असतात, म्हणून जूनची रक्कम सातने भागा. हप्ता जड वाटला तर कमी पडणारी रक्कम ग्रॅच्युइटीतून एकदाच त्या खात्यात टाका, आणि ती घर बांधायला हात घालायच्या आधी टाका.